तुझ्या नावाची बाटली

सुरत, २० फेब्रुवारी १९७४

वंदना,

अक्षर ओळखीचं वाटेल. दर महिन्याला तुला याच अक्षरात पत्र येतं, पण ती पत्रं आईची. ती सांगते, मी लिहिते. हे मात्र माझं आहे, पाच वर्षांतलं पहिलं. वर 'चि.' लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलं असं समजू नकोस.

आई बरी आहे असं तू दर महिन्याला वाचतेस. ती बरी नाही. तिचा उजवा गुडघा पार झिजला आहे. दोन वर्षांपासून घरातल्या घरात भिंत धरून चालते, आणि गेल्या दिवाळीपासून तेही बंद आहे. मोरीपर्यंत मी नेते, ड्यूटीला गेले की शेजारच्या प्रमिलाबाई नेतात. तुला काळजी नको म्हणून ती 'बरी आहे' असं लिहायला लावते. मला काळजी असली तरी चालते.

आता कामाचं. मी ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे, तिथे डॉ. कापडिया म्हणून नवे सर्जन आले आहेत. विलायतेत शिकून आलेत. येताना त्यांनी पोलादाचे दोन सांधे आणले आहेत, दाराच्या बिजागरीसारखे. झिजलेलं हाड कापायचं, वर मांडीच्या हाडात एक दांडा, खाली नडगीत एक दांडा, मधे बिजागरी. एक सांधा नवसारीच्या एका गृहस्थांना बसवला. ते चालतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरा आईला बसवायला डॉक्टर तयार आहेत. पण हाडातून रक्त फार जातं, म्हणून दोन बाटल्या रक्त हाताशी असल्याशिवाय ते सुरी हातात घेणार नाहीत.

आईचा गट बी निगेटिव्ह. शंभरात एखाद्याचा असतो. माझा तपासला, ए पॉझिटिव्ह, वडिलांचा होता तो. आई म्हणाली, "म्हणजे तुझं उपयोगाचं नाही." तिने साधंच म्हटलं असेल. मला मात्र मॅट्रिकचा निकाल हातात दिल्यासारखं वाटलं.

तुझा गट बी निगेटिव्ह आहे. तुझ्या बाळंतपणाच्या वेळी कार्डावर मीच लिहिला होता. आणि आईचं म्हणणं असं की, परक्या कोणाचं रक्त अंगात घेणार नाही, वंदूचं असेल तरच टेबलावर चढेन.

मी मागत नाही. कळवते आहे.

उज्ज्वला


सुरत, ९ मार्च १९७४

वंदना,

तुझं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. 'लागेल तेवढं रक्त घ्या, मी मंगळवारी निघते' ही ओळ तिने तीनदा वाचायला लावली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कागद हातात घेऊन बघत बसली. प्रमिलाबाई आल्या तर त्यांनाही ऐकवली. त्यांना मराठी बेताचंच येतं, म्हणून आईने स्वतः गुजरातीत समजावून सांगितली, "मारी नानी दीकरी." धाकटी लेक. मोठी तिथेच पोळ्या लाटत होती.

येऊ नकोस. इथे आंदोलनामुळे आज बंद तर उद्या संचारबंदी, स्टेशनवरून घरी यायला रिक्षा मिळायची नाही. लहान मुलाला घेऊन नागपूरहून निघण्यात काही अर्थ नाही. रक्ताची सोयही झाल्यात जमा आहे. बारडोलीच्या साखर कारखान्यात सुकदेव नावाचा एक कामगार आहे, त्याचा हाच गट. त्याने एक बाटली द्यायचं कबूल केलं आहे. उरलेल्याचं मी बघते. आईला मी समजावलं आहे.

पत्राच्या शेवटी तू 'ताई, झालं गेलं विसरून जाऊ' असं लिहिलंस. तेवढी ओळ मी आईला वाचली नाही. विसरायला तुझ्याकडे काही नाही, म्हणून तुला सोपं जातं. श्रीकांतराव बँकेच्या बदलीवर सुरतेला आले तेव्हा आपल्याकडे चहाला कोणामुळे यायला लागले, ते मला माहीत आहे. मराठी मंडळाच्या नाटकात प्रॉम्प्टिंगला मी होते. मीच त्यांना घरी घेऊन आले. मग माझी रात्रपाळी लागली, आणि चहा तू करायला लागलीस. तुमच्या दोघांच्या लग्नात मी सुट्टी मिळाली नाही म्हणून आले नाही असं सगळ्यांना सांगितलं. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

आणि तुझ्या मुलाच्या बारशाला तू मला स्वयंपाकघरात म्हणालीस, "ताई, तुला कोणाचं भलं बघवत नाही." मी काय बोलले होते ते आता आठवत नाही. तू बोललीस ते आठवतं.

येऊ नकोस.

उज्ज्वला


सुरत, १६ एप्रिल १९७४

वंदना,

गेल्या बुधवारी ऑपरेशन झालं. आई उत्तम आहे. तुझ्याशिवाय झालं, हे मुद्दाम लिहिते.

कसं झालं तेही लिहिते, कारण इथे कोणाला सांगायला जावं तर लोक 'देवाची कृपा' म्हणून मोकळे होतात. सुकदेवची बाटली मिळाली नाही. मी तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात एका बाळंतिणीसाठी त्याला रक्त द्यावं लागलं. त्या बिचाऱ्याचा इलाज नव्हता. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तो पछी नहीं थाय." मग नाही व्हायचं. मी म्हटलं, रक्त मिळत नसेल तर ते जाऊच द्यायचं नाही असं करून बघू. त्यांना माझं हसू आलं असणार.

त्यांच्याच कपाटातल्या विलायती मासिकात मी वाचलं होतं, की रोग्याचंच रक्त आधी काढून ठेवतात आणि ऑपरेशनच्या वेळी त्यालाच परत देतात. आईला महिनाभर लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, काळ्या मनुका दिल्या. ऑपरेशनच्या सोळा दिवस आधी तिच्या डाव्या हातातून एक बाटली काढली. तिला म्हटलं, तपासणीला लागतं. रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ती बाटली ठेवली आणि रोज ड्यूटी संपली की जाऊन बघून यायची. तिथला माणूस म्हणायचा, सिस्टर, दूध नासलं का बघायला आल्या का.

ऑपरेशनच्या दिवशी पाय दहा मिनिटं वर धरून ठेवला, मग बोटांपासून मांडीपर्यंत रबराची पट्टी आवळत नेली, म्हणजे पायातलं रक्त वर सरकतं. मांडीला पट्टी बांधून खालची सोडवली. तेवढा वेळ पाय मेणासारखा पांढरा, कापलं तरी थेंब नाही. पण ती पट्टी दीड तासाच्या वर ठेवता येत नाही. आमच्याकडे पद्धत अशी की जखम शिवायची, वर घट्ट बँडेज बांधायचं आणि मग पट्टी सोडायची. आत काय वाहतं ते कोणाला दिसत नाही. नवसारीच्या गृहस्थांचं बँडेज संध्याकाळपर्यंत तीनदा भिजलं होतं, ते मी बदललं होतं. म्हणून मी हट्ट धरला, की शिवायच्या आधी पट्टी सोडा, वाहणारी प्रत्येक शीर शोधा, बांधा, मगच शिवा.

डॉक्टर म्हणाले, "घडियाळ जुओ, सिस्टर." मी म्हटलं, साहेब, घड्याळाकडे नाही, आईकडे बघते आहे.

पट्टी सोडली आणि जखम भरून आली. मी मिठाच्या गरम पाण्यातून पिळलेल्या गॉजच्या घड्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. दहा मिनिटं. हात सुन्न झाले, पण मी हलले नाही. वॉर्डातली आया धुरपदाबाई, आपल्या खानदेशातली, तोंडाला फडकं बांधून वेळ सांगायला उभी केली होती. तिनेच वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, रगत थांबी गयं." मग एकेक घडी उचलत गेले आणि डॉक्टर शिरा बांधत गेले. सात बांधल्या. शेवटी शेवटी तेच मला विचारत होते, अजून कुठे दिसते का.

गॉजचा प्रत्येक तुकडा मी आधी कोरडा तोलला होता आणि नंतर भिजलेला तोलला, मिठाचं पाणी वजा केलं. शेजारच्या छगनकडून काटा आणला होता, तो जरीच्या कारखान्यात आहे. ज्यावर सोन्याची तार तोलतात, त्यावर आईचं रक्त तोललं. दोनशे चाळीस ग्रॅम भरलं. नवसारीच्या गृहस्थांना तीन बाटल्या लागल्या होत्या. आईला तिचीच एक पुरली.

डॉक्टरांनी हातमोजे काढताना माझ्याकडे बघून मान हलवली. सोळा वर्षांच्या नोकरीत एवढं मला कोणी दिलं नव्हतं.

आईला कमरेत इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे खालचं अंग बधिर आणि ती जागी. मधे चादरीचा पडदा होता. पलीकडून ती बोलत होती. काय बोलत होती ते लिहीत नाही.

उज्ज्वला


सुरत, १२ जून १९७४

वंदना,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'ताई, मी रक्त कधी पाठवलं?' रेल्वेच्या संपात अडकून महिन्याने पोचलं, तोवर मला वाटत होतं की तुला काही कळलंच नाही. मंडळाच्या सरलाबाईंनी तुला आभाराचं पत्र पाठवलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर ऐक. मार्चमध्ये तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं, त्या आठवड्यात आमच्या भागात काही नव्हतं. रिक्षा चालू होत्या. तू आली असतीस तर आईच्या खाटेशी बसली असतीस, हात तिच्या हातात दिला असतास, आणि तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नसतं. उंच फळीवरची दोन्ही पातेली तू खाली काढून दिली असतीस आणि प्रमिलाबाई म्हणाल्या असत्या, केवी सरस दीकरी. मला ते बघायचं नव्हतं. एवढंच कारण. मला मत्सर वाटतो, वंदना. शब्द लिहून पाहिला, तर काही झालं नाही.

पण आई तुझ्या रक्ताशिवाय टेबलावर चढायला तयार नव्हती. मग मी सांगितलं की वंदू येऊ शकत नाही, नागपूरला रक्त देऊन ती बाटली बर्फात घालून गाडीने पाठवते आहे. तिने लगेच विचारलं, "तिला चक्कर तर नाही ना येणार?" दोन दिवसांपूर्वी तिचं स्वतःचं रक्त काढलं होतं आणि ती तुझ्या चक्करेची चौकशी करत होती.

आणि टेबलावर. मी दोन्ही हात तिच्या गुडघ्यात दाबून उभी, घाम डोळ्यांत उतरतोय, पुसता येत नाही. पडद्यापलीकडून म्हणाली, "उजू, वंदूची बाटली लावली का गं?"

"लावली, आई."

"तरीच. अंगात कशी ऊब आली बघ. लहानपणी कुशीत झोपायची ना, तश्शी."

धुरपदाबाईने डोळे मोठे करून मला विचारलं, "तुन्ही बहीननं रगत शे का हाई?" बाटलीवर आईच्याच नावाची चिठ्ठी होती, मालतीबाई, बी निगेटिव्ह, तारीख. तिला वाचता येत नाही. मी मान डोलावली. तीच चूक. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाला माहीत, आणि रविवारी मंडळाच्या बायका फळं घेऊन आल्या त्या तुझीच गोष्ट ऐकायला. नागपूरहून बर्फात रक्त आलं. प्रत्येक वेळी सांगताना आई बर्फ वाढवते. आता लाकडी पेटी आली आहे, भुसा आला आहे, आणि गार्डसाहेबांनी म्हणे पेटी स्वतःच्या डब्यात ठेवली.

माझ्याबद्दल सांगते, "उजू होतीच तिथे." खरंच आहे, होतेच.

जे वाहिलं नाही ते कोणाला दिसत नाही गं. बाटली टांगलेली दिसते.

उज्ज्वला


सुरत, २८ ऑगस्ट १९७४

वंदना,

'आईला खरं सांग, मंडळालाही सांग, जे तू केलंस ते माझ्या नावावर मला नको' असं तू लिहिलंस. चांगलं लिहिलंस. तुझा चांगुलपणाही मला आवडला नाही, पण सल्ला पटला. शिवाय मंडळाने ठरवलं आहे, की गणपतीत तुला बोलवायचं आणि शालनारळ द्यायचा. सरलाबाई घरी विचारायला आल्या होत्या, मी त्यांना चहा करून दिला.

त्या गेल्यावर आईला सांगितलं. ती खाटेवर बसून पाय वरखाली करत होती, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम. रोज पन्नास वेळा, दुखलं तरी. मी थांब म्हटलं तर म्हणायची, "वंदूचं रक्त आहे, फुकट नाही घालवणार." मी तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. बाटली तुझीच होती, आई. तुझ्या डाव्या हातातून काढलेली. वंदूला मीच येऊ दिलं नाही. बाकीचं रक्त मी जाऊ दिलं नाही. गॉजचे तुकडे तोलले तो कागदही दाखवला.

तिने सगळं ऐकून घेतलं. कागद चाचपला, परत दिला. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि अगदी मायेने म्हणाली, "उजू, तुला कोणाचं भलं बघवत नाही गं. पहिल्यापासून."

तुझेच शब्द. तू कोणाकडून शिकलीस ते त्या दिवशी कळलं.

मग म्हणाली, "माझं रक्त असतं तर मला कळलं नसतं?" आणि पुन्हा मोजायला लागली. एकोणतीस, तीस.

मला इतका राग आला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. प्रमिलाबाईंना बोलवावं, डॉक्टरांना घरी आणावं, रक्तपेढीतली नोंद आणावी, असं सगळं मनात आलं. सगळे पुरावे माझ्याकडे आहेत. आतून मोजल्याचा आवाज येत होता. पन्नास झाले आणि ती थांबली नाही, एकावन्न म्हणाली. का, तर म्हणे मी रागावले म्हणून वंदूसाठी एक जास्त. मी तिथेच उभी राहून ऐकत होते. साठपर्यंत गेली. आणि परवा ती काठी टेकत जिना उतरली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. अडीच वर्षांनी. तिला रस्ता दिसत नव्हता म्हणून हात माझा होता, पण चालली ती तुझ्या जोरावर.

ते मी तिच्याकडून काढून घेणार नाही. काढून घेऊन मला मिळणारही नाही, हे आता कळलं आहे.

म्हणून हे पत्र. आणि या खेपेला मागते आहे, कळवत नाही. गणपतीत ये. श्रीकांतरावांना घेऊन ये, मी या वेळी सुट्टी मागेन, रात्रपाळी मागणार नाही. शाल घे, नारळ घे. मंडळात बोलायची वेळ आली तर आईच्या व्यायामाबद्दल बोल, रक्ताबद्दल कमीत कमी. लाकडी पेटीबद्दल कोणी विचारलं तर हसून सोडून दे.

गॉजच्या वजनांचा तो कागद सोबत ठेवला आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे, आधी कोरडं, मग भिजलेलं, खाली बेरीज. दोनशे चाळीस. तो तू तुझ्याजवळ ठेव, कोणाला दाखवू नकोस. या घरात कोणाला तरी माहीत असावं, आणि ते तुलाच माहीत असावं याचं मला आज तितकंसं वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

आई तुला स्टेशनवर घ्यायला येणार आहे, स्वतःच्या पायांनी. अजून ऐकत नाही. तू उतरलीस की ती तुझी बाही वर करून बघेल, कारण तिने मला विचारलं होतं, रक्त कोणत्या हातातून दिलं. मी डावा सांगितला आहे. डावा पुढे कर.

तुझी ताई